आडवी गोळी

शकुनबाई तायडे अमरावतीच्या नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. पुढे त्या मुख्याध्यापिका झाल्या. नंतरच्या वर्षांत होमगार्डच्या महिला पथकाला त्या रायफल शिकवत. फ्रेजरपुऱ्यातल्या निम्म्या पोरींना पाढे आणि उरलेल्या निम्म्यांना नेम शकुनबाईंनीच शिकवला, असं लोक गमतीनं म्हणत. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मी मात्र १९६४ सालच्या हिवाळ्यात जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच लिहितो.

चीनचं युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. गावोगाव माणसं कवायत करत होती, बायकाही करत होत्या. आमचा रायफल क्लब जुना. भाऊसाहेब देशमुख नावाच्या एका हौशी जमीनदारानं तो इंग्रजांच्या काळात काढला होता. ते गेल्यावर त्यांचे चिरंजीव जानराव अध्यक्ष झाले. मी तेव्हा नुकताच बी.कॉम. होऊन सहकारी बँकेत लागलो होतो. हिशोबाचा माणूस आहे, कागद नीट ठेवील, म्हणून मला चिटणीस केलं. वडाळीच्या पलीकडे टेकडीच्या पायथ्याशी आमची चांदमारी होती. एका बाजूला मातीचा उंच बांध, दुसऱ्या बाजूला टिनाची शेड, मध्ये पन्नास वार मोकळी जमीन. बाजूच्या शेतात कापूस वेचायला आलेल्या बाया रविवारी सकाळी बांधापासून दूरच्या ओळींत वेचत. बंदुकीचा आवाज आला की त्यातली एखादी मोठ्यानं विचारायची, "लागली का वो?"

क्लबची एक रीत होती. भाऊसाहेबांनी विलायतेहून आणलेली पॉइंट टू-टूची रायफल क्लबला दिली होती. दसऱ्याला तिची पूजा होई, लाकडी दस्त्याला कुंकू लागे. नवीन सभासदाला पहिलं कार्ड, म्हणजे नेमाचा कागद, त्याच रायफलीनं मारावं लागे. दहा गोळ्या, शंभरातले सत्तर गुण. संधी तीन. तीनदा चुकला तर वर्षभर थांबायचं. जुन्या सभासदांसाठी नव्या दोन रायफली होत्या. त्यांना हात लावायचा तर आधी भाऊसाहेबांची रायफल पास करायची.

गेल्या दोन वर्षांत एकही नवा माणूस पास झाला नव्हता. याचा आम्हाला अभिमानच वाटे. पूर्वीची माणसं पक्की होती, आताची कच्ची आहेत, असं शेडमध्ये चहा पिताना सगळे बोलत.

जानेवारीत अकोल्याला विदर्भातल्या क्लबांच्या स्पर्धा होणार होत्या, आणि त्यात पहिल्यांदाच बायकांचे संघ घेणार होते. संघात चौघी लागत. आमच्याकडे जुन्या दोघी होत्या. शकुनबाईंना त्यात जागा हवी होती. त्यांचं माहेर बार्शीटाकळीचं, अकोल्यापासून जवळ. त्यांचे वडील बुधाजी जिनिंगमध्ये हमाली करत. ५६ साली नागपूरला जाऊन आले तेव्हा त्यांनी घरातले जुने देव नदीत सोडले आणि मुलीला शिकवायचंच असं ठरवलं. मुलगी शिकली, शिक्षिका झाली, आता अकोल्याला बंदूक चालवायला येणार, हे त्यांनी गावात सांगून ठेवलं होतं.

"सांगून कावून ठेवलं मंग?" मी एकदा शकुनबाईंना विचारलं.

"बाबाले पोटात काई ठेवता येत नाई. पन त्यायनं सांगितलं म्हनून नाई, मी जातो म्हटलं म्हनून मले जायाचं हाय."

पहिल्या संधीला त्यांनी दहा गोळ्या मारल्या. नत्थुजी कार्ड घेऊन आले. नत्थुजी पलटणीतले निवृत्त हवालदार, चांदमारीचे प्रमुख. त्यांचा शब्द शेवटचा. कार्डावर भोकं होती, पण गोल नव्हती. काही लांबट, काही पार आडवी. भिंतीला खिळा ठोकावा आणि तो कुशीवर झोपून आत जावा तशी.

"शून्य," नत्थुजी म्हणाले.

"शून्य कसं? सात भोकं कार्डात हायेत ना जी."

"आडवी हायेत. गोळी जमिनीले घासून उसळली आन् मंग कागदाले लागली. उसळलेली गोळी मोजत नसतात. लय खाली मारून राह्यल्या तुमी, बाई."

नियम तसाच होता, आणि बरोबरही होता. दगडाला आपटून आलेली गोळी असंच भोक पाडते.  दुसऱ्या संधीला शकुनबाईंनी नेम वर धरला. भोकं वर गेली, पण आडवीच. नत्थुजींनी पुन्हा शून्य म्हटलं. शेडमधला एक जुना सभासद हळूच म्हणाला, "खडू धरनाऱ्या हाताले हे जमते का?" त्याचा आवाज हळू असला तरी ते सगळ्यांना ऐकू आलं. शकुनबाईंनाही.

त्या शांतपणे चांदमारीवर चालत गेल्या. पन्नास वारांची ती जमीन त्यांनी वाकून वाकून पाहिली. परत आल्या तेव्हा साडीच्या काठाला कुसळं लागली होती.

"नत्थुजी, गोळी जमिनीले लागली असती त माती उडाली असती. चर पडला असता. कुटी हाय?"

"लहान गोळी हाय. दिसत नसते."

"मंग दिसन असं करतो मी. पुढच्या रविवारी मले एक तास जागा द्या. माही संधी मोजू नोका, मी कार्डावर मारत नाई."

नत्थुजी हसले. "मारा. काडतुसं वाया जातीन, अजून का होईन?"

त्या रविवारी शकुनबाई तुराट्यांचा भारा घेऊन सायकलरिक्षातून आल्या. तुराट्या बांधून त्यांनी चौकटी केल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीवर जुनं वर्तमानपत्र खळीनं ताणून चिकटवलं होतं. वर्गातल्या नकाशाला पाठीमागून कागद लावतात तसं. त्या चौकटी नळीपासून बांधापर्यंत दहा-दहा वारांवर एका रेषेत उभ्या केल्या. मी त्यांच्याबरोबर दोरी धरून उभा होतो. कागद जमिनीपासून कमरेएवढा उंच होता.

"बाई, वाळवन घातलं का?" नत्थुजी शेडमधून ओरडले.

"हो जी. पापड वाळले की तुमाले देतो."

त्यांनी आडवं पडून एकच गोळी मारली. मग आम्ही सगळे, नत्थुजीही, चौकटी बघत चालत गेलो. पहिल्या कागदाचं भोक गोल होतं. दुसऱ्याचं किंचित लांबट. तिसऱ्याचं अंड्यासारखं. चौथ्यावर गोळी पार कुशीवर झोपली होती. आणि प्रत्येक भोक जमिनीपासून हातभर तरी उंच.

"पाह्यलं का जी? गोळी जमिनीले कुटीच लागली नाई. हवेतच झोपून राह्यली."

नत्थुजींनी मिशीवरून हात फिरवला. "तुमी चाप झटकून राह्यल्या. त्यानं गोळी वाकडी निंगते."

"चाप झटकला त भोक डाव्या-उजव्या बाजूले जाईन. आडवं कसं होईन?"

नत्थुजी पुन्हा चौथ्या कागदाशी जाऊन वाकले. शकुनबाईंचा प्रश्न इतका सरळ होता की मला त्या दिवसापासून त्यांच्या बाजूला उभं राहणं भाग पडलं. मी जानरावांना निरोप धाडला.

जानराव पुढच्या शनिवारी जीपमधून आले. अंगानं मोठा माणूस, डोक्याला पांढरा फेटा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. चौकटींवरचे कागद मी जपून ठेवले होते, ते दाखवले.

"म्हंजे माह्या बाबाच्या रायफलीत खोट हाय, असं म्हननं हाय तुमचं?"

"मी तसं नाई म्हटलं जी," शकुनबाई म्हणाल्या. "मी म्हनतो, गोळी नळीतून भोवऱ्यावानी फिरत निंगते, ते फिरकी हवेत सोडून राह्यली. कावून, ते मले मालूम नाई."

"मालूम नाई त बोलता कशाले?"

"मालूम करून घ्याले बोलतो."

जानरावांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "हे पाहा बाई. अकोल्याच्या संघात जागा पाह्यजे ना? मी अध्यक्ष हाये. तुमाले सूट देतो. नव्या रायफलीनं कार्ड मारा. मोकळं होऊन जाईन."

मला वाटलं, प्रश्न मिटला. शकुनबाई उठून उभ्या राहिल्या.

"सूट नोको, जानरावजी. सूट घेऊन गेली त सारी अमरावती म्हनन, तायडेबाईले कोनी तरी आत ढकललं. मले त्याच रायफलीनं मारायचं हाय. फकत गोळी उभी जाईन असं कायी करा."

जानरावांनी आडव्या भोकाचा कागद पुन्हा उचलून पाहिला. मग म्हणाले, "काडतूस कमजोर असन. गोळीत दम नाई म्हनून डुलते. तेज काडतुसं आनतो मी."

त्यांनी खरंच तेज काडतुसं मागवली. जास्त दारूची, गोळी जास्त वेगानं पळवणारी. या वेळी शकुनबाईंनी रायफल जानरावांच्या हाती दिली. "तुमीच मारा जी. मंग चाप झटकला असं कोनी म्हननार नाई."

वडील गेल्यापासून जानरावांनी त्या रायफलीला फक्त कुंकू लावलं होतं. ते आडवे पडले, दस्ता खांद्याला लावला आणि पाच गोळ्या मारल्या. आवाज चाबकासारखा आला. कार्ड आणलं. पाचही भोकं आडवी होती, आणि आधीपेक्षा जास्त विखुरलेली.

नत्थुजी कार्डाकडे पाहून म्हणाले, "अध्यक्षायलेबी शून्यच."

 जानराव कार्ड हातात घेऊन उभेच राहिले. शकुनबाई म्हणाल्या, "वेग वाढला त गोळी जास्त फिरन, हे खरं. पन समोरचा वाराबी तिच्या नाकावर तितकाच जास्त आदळन. म्हनून वेग वाढवून काई होत नाई. फिरकीच कमी पडते हे."

मला ते लगेच कळलं. जमेची बाजू वाढली तशी खर्चाचीही वाढली, शिल्लक होती तिथेच राहिली. पण फिरकी कमी पडते हे कशावरून?

ते त्यांनी पुढच्या रविवारी दाखवलं. बंदुकीच्या नळीत आतून आटे कोरलेले असतात, स्क्रूसारखे, पण फार सैल. त्या आट्यांत अडकून गोळी फिरत बाहेर पडते, आणि फिरते म्हणूनच सरळ जाते. शकुनबाईंनी नळी साफ करायच्या सळईला घट्ट चिंधी बसवली आणि सळईवर कागदाची झेंडी बांधली. सळईची मूठ फिरती असल्यानं सळई आत ढकलली की आट्यांबरोबर झेंडी आपोआप फिरे. आधी नवी रायफल घेतली. झेंडी वर होती ती फिरत खाली गेली आणि पुन्हा वर आली, तिथे त्यांनी खूण केली. शिंप्याच्या टेपनं मोजलं, सोळा इंच. मग भाऊसाहेबांची रायफल. झेंडी हळूहळू वळत होती. सळई ढकलत गेलो, ढकलत गेलो, नळी संपायला आली तेव्हा कुठे ती पुन्हा वर आली.

"चोवीस," मी टेप वाचली.

"एका फेऱ्याले चोवीस इंच. नवीत सोळा. आपली गोळी हळू फिरते जी."

जानराव पुढे आले. "पन मंग माहा बाप याच रायफलीनं बिनचूक कसा मारे? मी लहानपनी पाह्यलं. पन्नास वारावरून तो पैशावर गोळी मारे. भोकं गोल पडत. मले खोटं नोका सांगू."

"नाई सांगत. मले हेच इचारायचं होतं. तवा गोल पडत होती आन् आता आडवी पडतात. मधात काय बदललं?"

जानराव आठवू लागले. भाऊसाहेब छोटी काडतुसं वापरत. बाहेरून येत. मग बाहेरचा माल बंद झाला, छोटी काडतुसं मिळेनात, सगळीकडे लांबच मिळू लागली. लांब काडतूस रायफलीत शिरेना. रायफल भिंतीला टांगून ठेवायला जानरावांचं मन होईना, कारण क्लबची रीत तिच्यावर उभी होती. म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी काडतूस बसतं ती जागा आतून थोडी वाढवून घेतली. लांब काडतूस नीट बसू लागलं. सगळे खूश झाले.

"दोन वर्षांपूर्वी?" शकुनबाई माझ्याकडे वळल्या. "तवापासून नवा कोनी पास झाला का?"

मी मान हलवली. एकही नाही.

 जुने सभासद नव्या रायफली वापरत होते, त्यामुळे ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. नवे येत, आडवी भोकं पाडत, शून्य घेत आणि निघून जात.

तिसऱ्या संधीला आठवडा राहिला होता. छोटं काडतूस मिळालं तरच उपयोग. जानराव म्हणाले, अकोल्याला हकीमभाई बोहरींचं बंदुकांचं दुकान आहे, भाऊसाहेब तिथूनच घेत. क्लबचा परवाना घेऊन मी आणि शकुनबाई बडनेऱ्याहून सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरला शकुनबाईंनी भाकर आणि ठेचा काढला. अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खा. उपाशी मानसाले दुकानदार काई देत नाई."

हकीमभाई सत्तरीचे, जरीची टोपी, चष्मा नाकावर उतरलेला. आमचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"देशमुखसाब की रायफल? वो तो छोटे कारतूस की थी, बेटी. उसमें लंबी गोली किसने डाली?"

"आमीच, चाचा."

"लाहौल विला..." त्यांनी कपाळाला हात लावला. मग आत गेले आणि बऱ्याच वेळानं एक फुटका पुठ्ठ्याचा डबा घेऊन आले. त्यात सोळा छोटी काडतुसं होती. त्यांनी एक छोटं आणि एक लांब काडतूस शेजारी शेजारी काचेवर उभं केलं. नळकांडंच नव्हे, पुढची शिशाची गोळीही बुटकी होती.

"गोली जितनी लंबी, उतनी ज्यादा घुमानी पडती है. ये बंदूक बुटकी गोली के लिये बनी है. इतना ही है. पर माल पुराना है, बेटी. फुटेगा, नहीं फुटेगा, मेरी जिम्मेदारी नहीं."

"जिम्मेदारी माही," शकुनबाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, बार्शीटाकळी जवळच होतं, वडिलांना भेटून आलो असतो. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "स्पर्धेले येतो म्हटलं हाय. मधात तोंड दाखोलं त इचारतीन, झालं का? काय सांगू?"

नत्थुजींची हरकत मात्र उरली होती. नियमात रायफल लिहिली आहे, काडतूस लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना लांब काडतूस आणि एकीला छोटं, हे त्यांना पटेना. माणूस वाईट नव्हता. पलटणीत नियमानं चाललेला होता, नियम वाकवायला त्याचा हात उठत नव्हता. निर्णय जानरावांवर आला, आणि जानरावांच्या मनात अजून वडिलांच्या रायफलीचा अपमान सलत होता.

शकुनबाईंनी पिशवीतून दोन टकळ्या काढल्या. शाळेत सूतकताईचा तास असे, त्या पोरांना टकळी शिकवत. एका टकळीची दांडी पूर्ण होती, दुसरीची त्यांनी कापून आखूड केली होती. शेडमधल्या फरशीवर त्यांनी आधी आखूड टकळी चुटकीनं फिरवली. ती ताठ उभी राहून फिरत राहिली. मग तेवढ्याच जोराची चुटकी लांब टकळीला दिली. ती दोन क्षण उभी राहिली, डुलली आणि आडवी पडली.

"परत," जानराव म्हणाले.

त्यांनी परत केलं. मग जानरावांनी स्वतः खाली बसून करून पाहिलं. फेटा सरकला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. लांब टकळीला जोरात पीळ दिला तेव्हा तीही ताठ राहिली.

"जानरावजी, रायफलीत खोट नाई," शकुनबाई म्हणाल्या. "तिचे आटे बुटक्या गोळीले पुरतात, लांब गोळीले नाई पुरत. तुमच्या बाबायनं तिले जे देलं ते ती नीट मारे. आपन तिले भलतंच देलं."

जानरावांनी दोन्ही टकळ्या उचलून त्यांच्या हातात दिल्या. "रविवारी छोट्या काडतुसानं मारा. नत्थुजी, लिहून घ्या, मी म्हटलं म्हनून."

रविवारी थंडी चांगलीच होती. बातमी पसरली होती, म्हणून शेडमध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. सरावाला एकही गोळी नव्हती. सोळांतली दहा कार्डासाठी, सहा फुसकी निघाली तर. आणि आणखी एक अडचण होती, जी शकुनबाईंना आणि नत्थुजींना दोघांनाच कळत होती. छोटी गोळी हळू जाते, त्यामुळे पन्नास वारांत ती जास्त खाली येणार. किती खाली, हे पहिली गोळी मारल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि पहिली गोळी मोजली जाणार होती.

त्या आडव्या पडल्या. पदर खोचलेला, कोपर पोत्यावर. पहिलं काडतूस फुटलंच नाही. नुसता टक् असा आवाज. त्यांनी नियमाप्रमाणे थोडं थांबून ते काढलं, बाजूला ठेवलं. दुसरं फुटलं. नत्थुजी दुर्बिणीतून पाहत होते.

"तीन. सहाच्या काट्यावर. लय खाली."

"भोक?" शकुनबाईंनी मान न वळवता विचारलं.

नत्थुजी थांबले. दुर्बीण पुसली. पुन्हा पाहिलं. "गोल."

शेडमध्ये कुजबुज झाली. जानरावांनी हात वर करून ती थांबवली.

पुढच्या गोळीला त्यांनी नेम वर घेतला, पाच गुण, अजून खालीच. आणखी वर घेतला. आठ. मग एक फुसकं. मग सात. त्यांचा श्वास थंडीत दिसत होता. प्रत्येक वेळी त्या डोकं उचलत, हाताची बोटं एकदा उघडून मिटत आणि पुन्हा दस्त्याला गाल लावत. त्यांच्यात घाई नव्हती आणि थांबणंही नव्हतं. नऊ. आठ. आठ. आणखी एक फुसकं. मग पुन्हा दोनदा आठ. पहिल्या दोन गोळ्यांनंतर नत्थुजींचा आवाज बदलला होता. ते नुसते आकडे सांगत होते, पण प्रत्येक आकड्यानंतर आपणहून "गोल" म्हणू लागले. कापूस वेचणाऱ्या बायाही शेडच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. एकीनं विचारलंच, "लागली का वो?" आणि नत्थुजींनी मागे न पाहता उत्तर दिलं, "लागून राह्यली, बाई, गप राहा."

दहावी गोळी नऊ गुणांची होती. नत्थुजी स्वतः कार्ड आणायला गेले. परत येताना ते भोकं एकेक करून बोटानं चाचपत होते. टेबलावर कार्ड ठेवून त्यांनी बेरीज माझ्याकडून दोनदा करून घेतली. त्र्याहत्तर.

"पास," ते म्हणाले, आणि काही तरी आणखी बोलायचं म्हणून, "पहिल्या दोन गोळ्या वर राह्यल्या असत्या त ऐंशीच्या वर गेल्या असत्या तुमी."

"पुढच्या खेपेले," शकुनबाई म्हणाल्या.

जानरावांनी कार्डावर सही केली. मी अकोल्याच्या संघात तिसरं नाव लिहिलं आणि चौथ्या ओळीवर थांबलो. चौथी कोण, हे अजून ठरलेलं नव्हतं. तेवढ्यात शकुनबाईंनी विचारलं, "माणिकबाईचं काय?"

माणिकबाई दवाखान्यात नर्स होत्या. दिवाळीआधी त्यांच्या तिन्ही संधी गेल्या होत्या. तिन्ही कार्डांना शून्य होतं. त्या नंतर कधी आल्याच नाहीत.

"तिची वर्षभर बंदी हाय," नत्थुजी म्हणाले. "नियम हाय."

"तिचीबी भोकं आडवीच होती ना जी? मंग ते शून्य तिचं का रायफलीचं?"

नत्थुजी जानरावांकडे पाहू लागले. जानराव म्हणाले, "ठीक हाय. तिले परत संधी द्या."

"कशानं मारन ती? छोटी काडतुसं तीन उरली. दहाचं कार्ड होत नाई. दुसरी मिळत नाईत. आन् फकत माणिकबाईच नाई, पुढं जो कोनी येईन त्याचं काय?"

आता प्रश्न सरळ रीतीवरच आला होता. शेडमधल्या जुन्या सभासदांनी माना खाली घातल्या. जानराव टेबलाजवळ आले. वडिलांची रायफल त्यांनी उचलली, नळी फडक्यानं पुसली, नळीमागचा बोल्ट काढून खिशात ठेवला. मला वाटलं, आता ते रागानं निघून जातील.

"नत्थुजी," ते म्हणाले, "आतापासून नवा मानूस नव्या रायफलीनं कार्ड मारन. गुन सत्तरच. त्यात ढिलाई नाई."

"आन् हे?"

"हे आमच्या घरी राहीन. दसऱ्याले आनत जाऊ."

नत्थुजींनी पाय जुळवून "जी" म्हटलं. त्यांना हा हुकूम मिळाल्यानं बरंच वाटलं असावं, कारण लगेच ते मला म्हणाले, "चिटणीस, सायकल काढा. माणिकबाईची आज दुपारची पाळी असन. सांजच्या आधी आनलं तिले त उजेड पुरन."

मी सायकल काढली. शकुनबाई मागे आल्या आणि म्हणाल्या, "ते येत नाई म्हनन. दोनदा-तीनदा म्हनन. तुमी तितंच उभे राहा, हलू नोका."

माणिकबाई तीनदा नाही म्हणाल्या. मी दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. चौथ्यांदा त्यांनी पाळी बदलून घेतली आणि दुपारी नव्या रायफलीनं एकोणऐंशी गुणांचं कार्ड मारलं. कागद जमिनीवर ठेवून शकुनबाई आणि त्या दोघी वाकून भोकं पाहत होत्या. अकोल्याच्या यादीत चौथं नाव मी त्याच संध्याकाळी लिहिलं आणि यादी दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालानं रवाना केली.